आधी वही की आधी बाजार?

परभणी जिल्ह्यात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. तो हंगामाला येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते, त्यानंतर थंडी सरेपर्यंत कापसाची वेचणी चालते, आणि परभणी, मानवत, सेलू, गंगाखेडच्या बाजारांत वर्षाची मिळकत अवघ्या काही आठवड्यांत हातात पडते. जिंतूर रोडवर किंवा वसमत रोडवर घर केलेल्या नोकरदार कुटुंबाचेही याहून फार वेगळे नसते. पगार दरमहा येतो खरा, पण गावाकडची चार-पाच एकर जमीन, तिथले आईवडील आणि तिथले पीककर्ज त्या पगाराला हंगामाशी बांधून ठेवतात. पूर्वी हा पैसा सोन्यात, जमिनीत, मुदत ठेवीत किंवा पतसंस्थेत जाई. आता तो आधी मोबाईलच्या पडद्यावर येतो, आणि तिथे त्याला दोन वाटा दिसतात. एक शेअर बाजाराची, ऑनलाइन दलाली पेढीच्या ॲपची. दुसरी घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपची. पहिली वाट मोठ्या संख्येने निवडली जाते आणि दुसरी जवळजवळ ओस पडली आहे. असे का व्हावे, आणि जिल्ह्यातल्या एखाद्या घराने यातले आधी काय निवडावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

इंटरनेटवरून शेअरची खरेदी-विक्री करण्यास ‘सेबी’ने परवानगी दिली ती २०००च्या जानेवारीत. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे हा व्यवहार मुख्यतः मुंबई, पुणे, अहमदाबादसारख्या शहरांतल्या सुशिक्षितांपुरता राहिला. २०१०मध्ये ‘झेरोधा’ सुरू झाली आणि डिसेंबर २०१५पासून तिने शेअर घेऊन ते खात्यात ठेवण्याच्या व्यवहारावरची दलालीच रद्द केली. त्याच सुमारास स्वस्त डेटा, आधारवरची ओळखपडताळणी आणि यूपीआय एकत्र आले. खाते उघडण्यासाठी मुंबईच्या फोर्टमधल्या पेढीची किंवा तिच्या जिल्ह्यातल्या उपदलालाची गरज उरली नाही. मार्च २०२०मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२मध्ये त्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला आणि पुढच्या दोन वर्षांत ती १७ कोटींच्या घरात पोहोचली. गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे, आणि हा विस्तार आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही.

मराठवाड्यातल्या मध्यमवर्गाने या वाटेला लागणे म्हणजे निव्वळ हाव, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुदत ठेवीचे व्याज महागाईच्या जेमतेम पुढे असते. जमिनीचे भाव आवाक्याबाहेर गेले, सोन्याचेही गेले. जादा व्याजाच्या आशेने ज्यांनी मल्टिस्टेट पतसंस्थांवर विश्वास ठेवला, त्यांचा अनुभव ताजा आहे. बीडच्या ‘ज्ञानराधा’त २०२३च्या अखेरीस ठेवी अडकल्या आणि निवृत्तीची पुंजी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे परत मिळावेत म्हणून मराठवाड्यातले ठेवीदार पोलीस ठाण्यांचे आणि न्यायालयांचे उंबरठे झिजवू लागले. त्या तुलनेत सरकारी नियंत्रणाखालचा, दर मिनिटाला भाव दाखवणारा, विकले की पैसे बँकेत जमा करणारा बाजार अधिक प्रामाणिक वाटला, तर त्यात नवल नाही. एका मर्यादेपर्यंत तो आहेही.

पण ॲप फुकट आहे म्हणजे व्यवहार फुकट आहे, हा समज मात्र महागात पडतो. शेअर घेऊन ठेवणाऱ्या ग्राहकाकडून काही पेढ्या दलाली घेत नाहीत. मग त्यांचे चालते कशावर? प्रामुख्याने त्याच दिवशी खरेदी-विक्री करणाऱ्यांवर आणि वायदे व पर्याय व्यवहार, म्हणजे ज्याला सगळे ‘एफ अँड ओ’ म्हणतात, ते करणाऱ्यांवर. तिथे दर सौद्याला साधारणपणे २० रुपयांपर्यंत आकार असतो. वीस रुपये म्हणजे चौकातला दोन कप चहा. हिशेब मात्र पुढे सुरू होतो. घेताना २० आणि विकताना २०, म्हणजे ४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४७ रुपये २० पैसे. दिवसाला अशा पाच फेऱ्या आणि महिन्याचे वीस दिवस धरले, तर नुसत्या दलालीचे आणि तिच्यावरच्या कराचे ४,७२० रुपये झाले. रोखे उलाढाल कर, शेअर बाजाराचे शुल्क, मुद्रांक शुल्क हे वेगळेच. पीएम-किसान आणि नमो शेतकरी महासन्मान या दोन्ही योजनांचे मिळून शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाला १२,००० रुपये येतात. या गतीने ते अडीच महिन्यांत दलालीत जिरतात. नफा-तोट्याचा विषय तर अजून निघालेलाच नाही.

तो विषय ‘सेबी’नेच काढला आहे. सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे व पर्याय व्यवहार करणाऱ्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. या तीन वर्षांत व्यवहारखर्चापोटीच त्यांनी सुमारे ५०,००० कोटी रुपये मोजले. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग दलालांकडे गेला. २०२३-२४ या एका वर्षात समोरच्या बाजूला होते ते परदेशी गुंतवणूक संस्था आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या बड्या पेढ्या. त्यांच्या नफ्यापैकी ९६-९७ टक्के नफा संगणकी आज्ञावलींनी आपोआप केलेल्या सौद्यांतून आला होता. परभणीच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके बाजूला सारून मोबाईलवर ‘कॉल’ आणि ‘पुट’ घेणाऱ्या तरुणाचा सामना या यंत्रांशी असतो. यूट्यूबवरचे गुरुजी त्याला हे सांगत नाहीत.

याच अहवालातले आणखी काही आकडे जिल्ह्याच्या शहरांनी जपून वाचावेत असे आहेत. २०२३-२४मध्ये या व्यवहारांतले ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते. म्युच्युअल फंडांच्या गुंतवणूकदारांत हे प्रमाण ६२ टक्के होते. याचा अर्थ सरळ आहे: लहान शहरांचा ओढा सुरक्षित वाटेपेक्षा धोक्याच्या वाटेकडे अधिक आहे. तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाख रुपयांपेक्षा कमी असल्याचे सांगितले होते. तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. आणि सर्वांत बोचरी बाब अशी की, लागोपाठ दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक तरीही खेळत राहिले. नोव्हेंबर २०२४पासून ‘सेबी’ने सौद्याचे किमान आकारमान १५ लाख रुपयांवर नेले आणि दर आठवड्याला संपणाऱ्या सौद्यांची संख्या घटवली. तरीही २०२४-२५मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले, आणि निव्वळ तोटा एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला.

एवढ्यावरून दलाली पेढीचे खाते उघडूच नये, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो घाईचा ठरेल. डिमॅट खाते हे मूलतः कपाट आहे. त्यात चांगल्या कंपनीचे शेअर, निर्देशांकावर चालणारा फंड, सरकारी रोखे वर्षानुवर्षे ठेवता येतात. सप्टेंबर २०२४पासून लागू झालेल्या नियमांनी ४ लाख रुपयांपर्यंतचे रोखे असलेल्या मूलभूत सेवा खात्याला वार्षिक देखभाल शुल्कही माफ केले. लहान गुंतवणूकदारासाठी याहून स्वस्त सोय देशात कधी नव्हती. दोष कपाटाचा नाही. मात्र कपाटवाल्याची कमाई तुम्ही ते किती वेळा उघडता यावर अवलंबून असते, म्हणून ते सारखे उघडावेसे वाटेल अशीच त्याची रचना केलेली असते. सूचनांची टिंगटिंग, हिरवे-लाल आकडे, ‘आज सर्वाधिक वधारलेले’ अशा याद्या, हे सारे त्या रचनेचेच भाग आहेत.

आता दुसऱ्या वाटेकडे पाहू. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे दैन्य असे की, त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसते. अमेरिकेत ‘मायक्रोसॉफ्ट मनी’ची विक्री २००९मध्ये थांबली, आणि लक्षावधी कुटुंबे वापरत असलेले ‘मिंट’ हे फुकट ॲप तिच्या मालक कंपनीने मार्च २०२४मध्ये बंद केले. ग्राहकांना पतगुण दाखवणाऱ्या आणि कर्जे सुचवणाऱ्या आपल्या दुसऱ्या सेवेकडे वळवले. आपल्याकडे ‘वॉलनट’ची कथा याहून बोलकी आहे. बँकेचे एसएमएस वाचून खर्चाची आपोआप नोंद करणारे हे ॲप २०१४च्या सुमारास आले आणि लोकप्रियही झाले. २०१८मध्ये ते ‘कॅपिटल फ्लोट’ या कर्ज देणाऱ्या कंपनीने विकत घेतले, आणि पुढे ‘ॲक्सिओ’ या नावाने ते कर्जवाटपाच्या व्यवसायाचाच भाग झाले. खर्च आवरण्यासाठी आणलेली वही कर्जाच्या दुकानाचा दरवाजा झाली! यातून एकच धडा घ्यायचा तर तो असा, की जी वही फुकट आहे तिने उद्या काय विकायला काढले आहे, हे तपासून घ्यावे. ग्राहकाच्या संमतीने बँकांची माहिती एकत्र आणणारी ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ ही रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालची व्यवस्था सप्टेंबर २०२१पासून सुरू आहे. तीत संमती किती काळासाठी व कशासाठी हे लिहून द्यावे लागते आणि ती मागेही घेता येते. एसएमएस वाचू देण्यापेक्षा हे बरे.

परंतु परभणीच्या दृष्टीने या वह्यांचा खरा दोष याहून वेगळा आहे. त्या महिन्याच्या मापाने शिवलेल्या आहेत. बंगळुरूच्या संगणक अभियंत्याला पगार एक तारखेला मिळतो, भाडे पाच तारखेला जाते आणि उरलेली रक्कम ही त्याची बचत असते. हेच माप जिल्ह्यातल्या घराला लावले तर काय होते, ते एका काल्पनिक पण ओळखीच्या उदाहरणावरून पाहता येईल.

परभणी शहरात राहणाऱ्या एका कुटुंबाचा पगार दरमहा ३८,००० रुपये आणि नेहमीचा खर्च २९,००० रुपये आहे असे धरू. मासिक हिशेबाचे ॲप सांगेल की ९,००० रुपये शिल्लक आहेत, वर्षाचे १ लाख ८ हजार. लगोलग दलाली पेढीचे ॲप सुचवील की ते गुंतवा. आता हेच घर वर्षाच्या मापाने मोजू. मुलांची शाळा-महाविद्यालयाची फी जूनमध्ये ६०,००० रुपये. विम्याचा हप्ता १८,०००. गावाकडच्या आईवडिलांचे दवाखाने ३०,०००. दिवाळी, लग्नकार्ये आणि आहेर २५,०००. घरपट्टी, गाडीचा विमा आणि किरकोळ ४,०००. ही बेरीज १ लाख ३७ हजारांवर जाते. म्हणजे पगाराच्या बाजूला २९,००० रुपयांची तूट आहे. गावाकडे ३० क्विंटल सोयाबीन झाले आणि ते ४,५०० रुपयांनी गेले, तर १ लाख ३५ हजार आले. केंद्राने २०२५-२६च्या हंगामासाठी ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला होता; त्या भावाने जवळपास २५ हजार जास्त आले असते, पण हमीभाव आणि आडतीतला भाव यांतले अंतर जिल्ह्याला नवे नाही. आलेल्या रकमेतून बियाणे-खतांसाठी घेतलेले ७०,००० रुपयांचे पीककर्ज आणि काढणी-मळणीचे २५,००० वजा केले की ४०,००० उरतात. त्यातून पगाराकडची तूट भरली की हातात राहतात ११,०००. ॲपने दाखवलेली शिल्लक १ लाख ८ हजार, प्रत्यक्षातली ११ हजार. महिन्याला हजार रुपयांपेक्षाही कमी.

सप्टेंबर २०२५मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके पाण्याखाली गेली, गोदाकाठची रानेच्या राने खरवडून निघाली, आणि ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाला ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर करावे लागले. अशा वर्षी वरच्या घराचे सोयाबीन निम्म्यावर आले, तर ११,००० रुपयांची शिल्लक ५६,५०० रुपयांच्या खड्ड्यात जाते. तो खड्डा कशाने भरतो? शेअर विकून, किंवा हातउसने घेऊन, किंवा सावकाराकडून. शेअर विकावे लागणार असतील आणि नेमका तेव्हा बाजारही पडलेला असेल, तर तोटा दुहेरी होतो. पाऊस आणि निर्देशांक यांच्या पडझडीचा आपसात काही करार नसतो.

या घराला आधी काय हवे, हे त्यामुळे बऱ्यापैकी स्पष्ट होते. त्याला बारा महिन्यांची वही हवी. तिच्यात येणी-देणी तारखेप्रमाणे न मांडता हंगामाप्रमाणे मांडलेली असावीत, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि आडत्याकडून घेतलेली उचल यांना जागा असावी, आणि रोखीचा खर्चही लिहिता यावा. असे तयार सॉफ्टवेअर बाजारात शोधत बसण्यापेक्षा संगणकावरचा साधा तक्ता किंवा दोनशे पानी वही अधिक कामाची आहे. गंमत अशी की, दुकानदाराची सोय मात्र झालेली आहे. ‘खाताबुक’सारखी उधारीची ॲप मराठीतही चालतात, आणि गिऱ्हाईकाला बाकीची आठवण करून देणारा संदेश आपोआप जातो. जिल्ह्यातल्या कित्येक कुटुंबांच्या कर्जाचा सर्वांत अचूक हिशेब त्यांच्या स्वतःच्या घरात नाही, तो दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये आहे.

हिशेबाची सवयच आपल्याकडे नाही, असे म्हणणाऱ्यांनी बचत गटाचे दप्तर एकदा उघडून पाहावे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५मध्ये स्थापन झाले. त्याच्या आणि पुढे ‘उमेद’ अभियानाच्या गटांनी नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि दप्तर लेखन ही पंचसूत्री खेड्यापाड्यांत नेली. दहा-बारा जणींच्या त्या गटात कुणाची किती बचत, कुणाकडे किती कर्ज, व्याज किती, हे दर बैठकीत मोठ्याने वाचले जाते. ज्या घरातली स्त्री गटाची सचिव म्हणून पै-पैचा मेळ घालते, त्याच घराचा एकत्रित हिशेब मात्र कुणी लिहीत नाही. याचे कारण कौशल्याचा अभाव हे खचितच नव्हे. घराचा हिशेब लिहायचा म्हणजे नवऱ्याचा पगार, सासऱ्याचे कर्ज, दिराला दिलेले पैसे हे सारे एका पानावर यावे लागते, आणि ते येऊ नये असे घरातल्या कुणा ना कुणाला वाटत असते. दलाली पेढीच्या ॲपला असल्या संमतीची गरज नसते. ते एकट्याने, रात्री अंथरुणात पडून, कुणाला न सांगता चालवता येते. पहिली वाट भरलेली आणि दुसरी ओस का, याचे उत्तर किमती आणि सोयींच्या तुलनेत शोधण्यापेक्षा इथे शोधणे अधिक योग्य ठरेल.

एकट्याने, कुणाला न सांगता चालणाऱ्या या व्यवहाराचा फायदा भामटेही घेतात. परदेशी संस्थांच्या कोट्यातले शेअर मिळवून देतो, असे सांगून व्हॉट्सॲपच्या गटांतून खोटी ॲप उतरवून घेणाऱ्यांबद्दल ‘सेबी’ने फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर इशारा दिला होता. नोंदणीकृत दलालांसाठी १ ऑक्टोबर २०२५पासून ‘@वॅलिड’ असा खास यूपीआय पत्ता आला आहे. पैसे पाठवण्याआधी तो पाहणे आणि फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने कळवणे एवढे तरी प्रत्येकाने करावे. पण घरातल्या दुसऱ्या माणसाला व्यवहार दाखवण्याची रीत असती, तर यातली बरीच प्रकरणे पहिल्याच रकमेवर थांबली असती.

मग दलाली पेढी कधी निवडावी? वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने एक अख्खे वर्ष, म्हणजे एक खरीप आणि एक रब्बी, वही लिहिली, सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला काढला आणि त्यानंतरही शिल्लक उरली, तर तेवढ्या शिलकीसाठी डिमॅट खाते उघडायला काही हरकत नाही. खाते उघडताना वायदे व पर्याय व्यवहाराची मुभा मागूच नये. ती वेगळी घ्यावी लागते, आणि उत्पन्नाचा पुरावा देऊन ती घेणे हे कुणावर बंधनकारक नाही. ज्यांचे पगार निश्चित आहेत, शेती नाही, कर्ज नाही, अशा घरांना वर्षभर थांबण्याचे कारण नाही. त्यांनी तीन महिन्यांची वहीसुद्धा पुरे. ज्यांच्या डोक्यावर सावकाराचे किंवा क्रेडिट कार्डाचे देणे आहे, त्यांच्यासाठी मात्र हा प्रश्नच उद्भवत नाही. महिन्याला दोन-तीन टक्के व्याज वाचवणे हाच त्यांचा सर्वांत मोठा परतावा.

आणि पीककर्जाचे काय? डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२पासून ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्के व्याज पडते. मुदत चुकली की ही सवलत जाते, व्याज मागे लागते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. सोयाबीनचे ७०,००० रुपये दिवाळीत हाती येतात, ते फेडायची मुदत काही महिने पुढे असते, आणि मधल्या काळात ‘नुसते पडून आहेत’ म्हणून त्यांना बाजारात फिरवून आणण्याचा मोह होतो. मासिक ॲपच्या कोणत्याही रकान्यात हे पैसे ‘देणे’ म्हणून दिसत नाहीत, आणि दलाली पेढीच्या पडद्यावर तर ते ‘वापरण्याजोगी शिल्लक’ म्हणूनच झळकतात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ याच शहरात आहे. तिथे शेतीचे अर्थशास्त्र शिकवले जाते, आणि सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात घराच्या साधनसंपत्तीचे व्यवस्थापनही. हंगामाच्या मापाची एक मराठी वही, छापील आणि मोबाईलवरची, या विद्यापीठाने, जिल्हा बँकेने आणि ‘उमेद’ने मिळून तयार करायला फार खर्च येणार नाही. तिच्या पहिल्या पानावर पीककर्जाची रक्कम, फेडीची तारीख आणि घरातल्या दोघांच्या सह्या यांसाठी जागा ठेवली, तरी सुरुवात झाली.